पडली नाही, पाडली

कडकबाईंच्या तोंडी लागू नये, असं त्या गल्लीत लहानथोर सगळेच म्हणायचे. हे नाव त्यांना पडलं ते दुकानामुळे. कोपऱ्यावर त्यांची लाँड्री होती, आणि तिथून इस्त्री होऊन आलेला शर्ट खुंटीला टांगला तरी आत माणूस असल्यासारखा ताठ राहायचा. पण नाव टिकलं ते स्वभावामुळे. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "हा डाग तुमच्याकडेच पडलाय," की बाई कपडा उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "आमच्याकडे पडला असता तर आम्हीच नसता का धुतला?" चूक खरोखरच दुकानाची असली, तर मात्र चारचौघांत कबूल करायच्या. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

नवरा लवकर गेला. एक लेक आणि तिच्या पाठचा मुलगा, अशी दोन पोरं बाईंनी त्या वाफेच्या ढगातच वाढवली. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मुलगा आणि सून बाईंजवळच, दुकानाच्या डोक्यावरच्या घरात राहायचे. मुलगा दिसायला देखणा, बोलायला त्याहून गोड. गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीच्या कामावर होता, आणि सायकल बघायला आलेल्याच्या गळ्यात मोटार बांधेल अशी त्याची ख्याती होती. मित्र त्याला 'हिरो' म्हणायचे. बाईंना त्याचा अभिमान होता. का नसावा? आपलं पोर रस्त्यानं चाललं की चार माना वळतात, हे कुठल्या आईला कडू लागतं?

सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. काम नाजूक, बोटं नाजूक, आणि जीभ मात्र चांगली धारदार. सासू-सुनेचं असं मेतकूट जमलं, की शेजारणी म्हणायच्या, "दोघींपैकी एकीला नक्की कमी ऐकू येतंय." संध्याकाळी सून दुकानात यायची, गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसायची आणि गिऱ्हाइकांच्या नकला करायची. बाईंना हसून हसून ठसका लागायचा.

पुढे पुढे त्या नकला थांबल्या. मग बोलणंही आटलं. बाईंनी विचारलं, तर सून म्हणाली, "काही नाही आई, झोप झाली नाही." एकदा दंडावर निळं दिसलं, तर म्हणाली, "कपाटाचं दार लागलं." बाईंनी मुलाला धारेवर धरलं. तो हसला. "अगं, तुझी सून काचेसारखी आहे. बघितलं तरी ओरखडा उठतो." बाईंना पटलं नाही. पण दोघंही एकच सांगत होती, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर बोट ठेवायचं तरी कसं?

मग एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी ते पाहिलं.

दुकान बंद होतं. मशीनची घरघर नव्हती, त्यामुळे वरचा आवाज खाली स्पष्ट आला. काहीतरी जड सरकलं, मग सुनेचा आवाज, अर्धाच. बाई जिना चढून गेल्या. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं.

मुलानं सुनेचा उजवा हात पाठीमागे पिरगळला होता. ती ओट्यावर वाकली होती. तो ओरडत नव्हता. अगदी हळू, गिऱ्हाइकाला किंमत समजावून सांगावी तसा बोलत होता. "कुणाशी बोलत होतीस? मी नीट विचारतोय ना? मग नीट सांग." मग कट्ट असा आवाज झाला, सुकी काटकी मोडावी तसा. सून किंचाळली नाही. तिच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. त्यानं हात सोडला आणि तिला बाजूला लोटलं. तिचं कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि ती खाली बसली.

तेव्हा त्याला आई दिसली. क्षणभर त्याचा चेहरा कोरा झाला. मग त्यावर ते शोरूममधलं हसू आलं.

"पडली गं ती आई," तो म्हणाला. "फरशी ओली होती."

बाईंनी फरशीकडे पाहिलं. ती ठणठणीत कोरडी होती.

पुढे कितीतरी दिवस बाईंना तो मोडल्याचा आवाज आठवायचा, पण त्याहून जास्त ते हसू आठवायचं. हात पिरगळताना त्याचं डोकं फिरलं होतं, असं एकवेळ म्हणता आलं असतं. हसू आलं ते डोकं ठिकाणावर असताना. ते सवयीचं हसू होतं.

"बाजूला हो," बाई म्हणाल्या. त्यांनी सुनेचा हात टॉवेलच्या झोळीत गळ्यात बांधला, तिला धरून जिना उतरवला आणि गाडी थांबवली. मुलगा मागोमाग आला, "मीपण येतो" म्हणाला. बाईंनी त्याच्या तोंडावर गाडीचं दार लावलं.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरणीनं विचारलं, "कसं झालं?"

"पडले," सून म्हणाली. तिनं ते इतक्या चटकन म्हटलं, की पाठ असल्यासारखं वाटलं.

"पडली नाही, पाडली," बाई म्हणाल्या. "एका कान्याचा फरक आहे डॉक्टर, पण तेवढा काना विसरू नका. मी डोळ्यांनी पाहिलंय."

डॉक्टरांनी आधी सासूकडे पाहिलं, मग सुनेकडे. सुनेनं मान खाली घातली, आणि तशीच हलवली. हो.

प्लॅस्टर सुकेपर्यंत दोघी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. सुनेच्या कपाळावर पट्टी होती. बाई म्हणाल्या, "हे बघ पोरी. हात तुझा आहे, तक्रारही तुझीच असणार. कुणी विचारलं तर मी पाहिलं तेच सांगणार, त्यात बदल नाही. पण ठाण्यात जायचं की नाही, हे तू ठरव. मी तुला फरफटत नेणार नाही."

"तुम्ही त्याची आई आहात."

"ते मला माहीत आहे. मी तुला विचारतेय."

"आणि उद्या तुम्हाला त्याची दया आली तर?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "दया येईल. आत्तासुद्धा येतेय. पण दया आली म्हणून पाहिलेलं न पाहिलेलं होत नाही."

सुनेनं पायानं चप्पल चाचपली. मग म्हणाली, "मला चप्पल घालता येत नाहीये." बाईंनी वाकून तिच्या पायात चप्पल सरकवली, आणि दोघी ठाण्याकडे निघाल्या.

ठाण्यातला अंमलदार पोक्त होता, आवाजात मध होता. "मावशी," तो म्हणाला, "घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच."

"भांड्याला भांडं लागलं तर आवाज दोन्हीचा येतो," बाई म्हणाल्या. "इथे पोचे एकाच भांड्याला पडलेत. तुम्ही नीट बघा तरी."

"बोलावतो त्याला. चांगला दम देतो."

"दम मीही देते, त्याला पोलीस कशाला लागतात? आम्हाला गुन्हा नोंदवून हवाय." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "हवाय ना?"

"हवाय," सून म्हणाली. आवाज लहान होता, पण शब्द अख्खा होता.

अंमलदारानं आणखी दोनदा समजुतीचं बोलून पाहिलं. प्रत्येक वेळी बाईंनी खुर्ची थोडी आणखी टेबलाजवळ ओढली. शेवटी त्यानंच पेन उघडलं.

मुलाला पकडलं, मग जामिनावर सोडलं. घर बाईंचं होतं. त्यांनी त्याची बॅग भरून त्याच्या काकाकडे पाठवून दिली. त्यातल्या शर्टांना इस्त्री मात्र केली होती.

आता घराण्याला जाग आली. दुसऱ्याच आठवड्यात काका, म्हणजे बाईंचे दीर, बाईंच्या लेकीला सोबत घेऊन दुकानात हजर. दीर कचेरीतून निवृत्त झालेले, बोलण्याआधी घसा साफ करायची सवय.

"वहिनी, झालं ते वाईट झालं. नाही कोण म्हणतंय? पण घरातली धुणी अशी चव्हाट्यावर धुवायची नसतात."

"भावजी, अख्ख्या गावाची धुणी धुऊन मी पोरं वाढवली. आता घरच्या धुण्याची लाज वाटून कसं चालेल?"

लेकीचे डोळे रडून सुजले होते. "आई, तो आत गेला तर?"

"गेला तर गेला."

"तुला झोप लागेल?"

"नाही लागणार," बाई म्हणाल्या. "पण आत्ता ती पोरगी दाराला कडी लावून, कडीला खुर्ची टेकवून झोपते. तिची झोप कुणी मोजायची? तुझ्या नवऱ्यानं तुझा हात असा मोडला असता आणि तुझ्या सासूनं 'पडली' म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं माहितीये?"

आई त्या सासूच्या घराची कौलंसुद्धा जागेवर ठेवणार नाही, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं. दीर मात्र उठून गेले, आणि जाताना म्हणाले, "रक्ताला रक्त ओळखत नाही म्हणजे कमाल झाली."

तारखा पडत गेल्या. सुनेचं हाड जुळलं, पण बोटांत पूर्वीची पकड येईना. भिंग धरलं की अंगठा थरथरायचा. चष्म्याच्या दुकानाच्या मालकानं तिला काउंटरवर बसवलं. ती रोज संध्याकाळी रबरी चेंडू दाबत बसायची आणि बाई तिला चिडवायच्या, "जोर लाव, तो चेंडू काय तुझा नवरा नाहीये." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सून दचकली. मग कितीतरी महिन्यांनी हसली.

साक्षीचा दिवस जवळ आला तसा एक दिवस मुलगा दुकानात आला. सून कामावर असेल ती वेळ त्यानं बरोबर निवडली होती. वाळला होता. दाढी वाढली होती. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"आई, मी चुकलो," तो म्हणाला. "राग आवरला नाही. पण माझी नोकरी गेली, नाव गेलं. अजून किती भोगू? मी तुला खोटं बोल म्हणत नाही. तू फक्त एवढंच म्हण, की तू आलीस तेव्हा ती खाली बसलेली होती. बसलेली होतीच ना? त्याच्या आधीचं तू पाहिलं नाहीस, बस. क्षणभराचा तर प्रश्न आहे. तेवढ्यावर माझं आयुष्य आहे."

पोरगं विक्रेता होतं, माल कसा मांडायचा त्याला कळत होतं. संबंध खोटं त्यानं मागितलंच नाही, फक्त खऱ्याचा एक तुकडा कापून मागितला. बाईंना त्याच्या गालावरून हात फिरवावासा वाटला, आणि त्यांनी तो फिरवलाही.

"मी येते कोर्टात," त्या म्हणाल्या.

त्याला तो होकार वाटला. तो हलक्या पावलांनी गेला. बाई इस्त्रीच्या टेबलाजवळ गेल्या आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्री ठेवून उभ्या राहिल्या. वास आल्यावर भानावर आल्या. शर्टाच्या पाठीवर तपकिरी ठसा उमटला होता. संध्याकाळी त्यांनी गिऱ्हाइकाला तो दाखवला. "माझं लक्ष नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

सरकारी वकीलबाईंच्या कानावर ही भेट गेली असावी. त्या दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात आल्या, वाफेनं त्यांच्या चष्म्याला धुकं आलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "घरचे साक्षीदार फितूर होतात, हे मी रोज बघते. आया तर हमखास. तुम्ही होणार असाल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही, पण मला तयारी वेगळी करावी लागेल."

"त्याला काय म्हणून भेटले ते विचारत नाही तुम्ही?"

"आई म्हणून भेटलात. त्यात काय विचारायचं?"

बाईंना ही बाई आवडली. "तुमची तयारी आहे तशीच राहू द्या," त्या म्हणाल्या.

कोर्टात आधी सुनेची साक्ष झाली. बाईंनाही साक्ष द्यायची असल्यानं त्यांना आत बसता येईना. त्या बाहेर बाकावर बसल्या. दाराआडून शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता. वकिलाचा आवाज वर चढायचा, थांबायचा, पुन्हा चढायचा. मधल्या वेळात सुनेचा आवाज, एकाच पट्टीत. बराच वेळ गेला. दार उघडलं तेव्हा सुनेच्या पाठीवरचा कपडा घामानं चिकटला होता.

"सगळं सांगितलं," ती म्हणाली. "आधीचंपण."

"आधीचं?"

"तुम्हाला माहीत नसलेलं." ती पाणी प्यायली. "आई, तुम्हाला ते बाहेरून कळायला नको होतं. पण मी थांबले नाही."

"थांबायचं नव्हतंच," बाई म्हणाल्या. त्यांचं नाव पुकारलं गेलं.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर समोरच मुलगा दिसला. दाढी केलेला, पांढऱ्या शर्टात. त्याच्यामागे दीर. मुलानं आईकडे पाहून बारीक मान हलवली.

सरकारी वकीलबाईंनी विचारलं, आणि बाईंनी सांगितलं. जिना, अर्धवट दार, पिरगळलेला हात, हळू आवाज, कट्ट, कपाट, फरशी, हसू. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. 'हात' हा शब्द आला तेव्हाच मुलाची मान खाली गेली होती. ती वर आली तेव्हा त्याच्या तोंडावर ते हसू नव्हतं.

बचावाचे वकील उठले. उंच, मऊ आवाजाचे गृहस्थ. "आजी, तुम्हाला चष्मा आहे?"

"आहे. आणि मला आजी म्हणू नका, मला अजून नातवंड नाही."

"त्या वेळी चष्मा कुठे होता?"

"नाकावर."

"स्पष्ट दिसतं त्यातून?"

"भिंगं माझ्या सुनेनं बसवलीत. लख्ख दिसतं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. वकिलांनी पवित्रा बदलला. "ही सून तुमची लाडकी. आणि मुलाशी घरावरून तुमचा वाद होता, खरं ना?"

"घर माझं आहे. वाद कुणाशी घालणार, भिंतींशी?"

"बरं. यापूर्वी मुलानं कधी बायकोला मारल्याचं पाहिलंत?"

"नाही."

"तशी तक्रार केलीत?"

"नाही. विचारलं होतं दोघांना. दोघंही खोटं बोलले. एक भीतीनं, दुसरा माजानं. मी आणखी खोदायला हवं होतं, ते नाही झालं माझ्याकडून."

वकील पिंजऱ्याच्या जवळ आले, आवाज आणखी मऊ झाला. "हे बघा. तुम्ही जिना चढून आलात. दम लागला होता. दार अर्धवटच उघडं. क्षणभराचं दृश्य. बायको तोल जाऊन पडत होती आणि नवऱ्यानं सावरायला तिचा हात धरला, त्यात तो मुरगळला, असं होऊ शकत नाही का?"

मुलानं आईकडे पाहिलं. सगळ्या खोलीचं लक्ष बाईंकडे लागलं.

"होऊ शकतं," बाई म्हणाल्या.

वकिलांनी न्यायाधीशांकडे पाहिलं.

"कुणाच्याही घरी होऊ शकतं," बाई पुढे म्हणाल्या. "माझ्या घरी तसं झालं नाही. सावरणारा माणूस 'कुणाशी बोलत होतीस' असं विचारत सावरत नाही साहेब. आणि सावरताना बायकोचं हाड मोडलं तर तो घाबरतो, पाणी आणतो, मला हाक मारतो. हा हसला."

वकिलांच्या भात्यात आता एकच बाण उरला होता. "तुम्ही याची आई आहात ना? नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलाविरुद्ध इथे उभं राहताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

बाईंचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. हलला, पण तुटला नाही.

"वाटतंय की. आत्ता वाटतंय. हा लहान असताना शेजारच्या पोरीला कडकडून चावला होता. मी याला कान धरून त्यांच्या दारात नेलं आणि म्हटलं, हे यानं केलंय. त्या वेळी मला कुणी विचारलं नाही, आई असून असं कसं केलंत. उलट चार बायका म्हणाल्या, वळण चांगलं आहे. आता हा मोठा झाला आणि दार मोठं झालं, एवढाच फरक. त्याला दुसऱ्या कुणी आणलं असतं तर त्याचा अपमान झाला असता. मी आणलंय."

वकील बसले. न्यायाधीश वयस्क होते, इतका वेळ लिहीत होते. त्यांनी पेन थांबवून विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"एकच. शिक्षा देताना माझ्याकडे बघून कमी करू नका. आणि माझ्याकडे बघून जास्तही करू नका. त्यानं जेवढं केलं तेवढी द्या."

शिक्षा झाली. सून आणि सरकारी वकीलबाई यांना ती कमी वाटली, दिरांना ती डोंगराएवढी वाटली, आणि बाईंनी कुणी विचारूनही आपलं मत सांगितलं नाही. निकालाच्या वेळी मुलानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पोलीस त्याला नेत होते तेव्हा सून बाईंच्या शेजारी उभी होती. दोघींनी एकमेकींचा हात धरला नव्हता, पण खांद्याला खांदा लागलेला होता.

त्यानंतर काही गिऱ्हाइकं तुटली. मुलाचे मित्र समोरून आले की रस्ता ओलांडायचे. दिरांनी बोलणं टाकलं. उलट, ज्यांचे कपडे कधी या दुकानात आले नव्हते अशा काही बायका यायला लागल्या. एकीनं स्वच्छ धुतलेला कोटच धुवायला आणला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "याला काय झालंय?" ती बाई इकडेतिकडे बघत म्हणाली, "कोटाला काही नाही. माझ्या मुलीबद्दल विचारायचं होतं." बाईंनी दाराची पाटी उलटी फिरवली आणि तिला आत बसवलं. "मी काही वकील नाही," त्या म्हणाल्या. "पण ठाण्यात सोबत यायला मला येतं."

सगळंच मनासारखं झालं असं नाही. एक दिवस सून म्हणाली, "आई, मी खोली बघितलीय. चष्म्याच्या दुकानाजवळच. मी जाते तिकडे."

बाईंच्या हातातला हँगर तसाच राहिला. "का गं? आता इथे तुला कसली भीती आहे?"

"भीती नाही. पण त्या ओट्यापाशी उभी राहिले की माझा हात दुखतो. अजून. आणि तुम्ही रोज माझ्याकडे बघता तेव्हा तुम्हालाही तेच दिसतं, मला कळतं ते."

हे खरं होतं. बाईंना राग आला, मग रागाचा राग आला. रात्रंदिवस हिच्यासाठी आपण सगळ्यांशी भांडलो, आणि ही निघाली? मग त्यांच्या लक्षात आलं, की तिनं इथे राहावं म्हणून आपण भांडलोच नव्हतो. तिला हवं तिथे जाता यावं म्हणून भांडलो होतो. सामान हलवायला त्याच गेल्या, आणि खोलीची खिडकी नीट लागत नाही म्हणून घरमालकाला त्यांनी असं फैलावर घेतलं, की त्यानं त्याच दिवशी सुतार आणला. सून जमेल तशी संध्याकाळी दुकानात येत राहिली. चष्म्याच्या दुकानाच्या मालकानं तिला पुन्हा भिंगांवर बसवलं होतं. अंगठा थरथरायचा, पण थांबायचा.

तुरुंगात भेटीचा दिवस ठरलेला असे. बाई पहिल्या भेटीला गेल्या, तर मुलानं यायला नकार दिला. पुढच्या वेळीही नकार. पहारेकरीण म्हणाली, "मावशी, कशाला हेलपाटे घालता?" बाई म्हणाल्या, "त्याला येऊ दे न येऊ दे. मी आले होते, एवढं त्याला कळवत जा."

अखेर एक दिवस तो आला. मधे जाड काच, दोन्हीकडे फोनचे रिसीव्हर. त्यानं रिसीव्हर उचलला. मग म्हणाला, "काय मिळालं तुला?"

"मी काही मिळवायला गेले नव्हते."

"इथे सगळे हसतात मला. म्हणतात, आईनं घातला आत."

"त्यांना सांग, मी स्वतःच्या पायांनी आत आलो, आईनं फक्त रस्ता लपवला नाही."

तो चिडला. "काय केलं होतं मी एवढं? एक दिवस डोकं फिरलं. मला तर नीट आठवतसुद्धा नाही."

"मला आठवतं," बाई म्हणाल्या. "आणि आधीचं मी आता तिच्याकडून ऐकलंय. तिनं सांगायला हरकत नाही म्हटलंय. सांगू?"

त्यानं रिसीव्हर कानापासून दूर केला, पण खाली ठेवला नाही. बाईंनी वाट पाहिली. रिसीव्हर परत कानाला लागला तेव्हा त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. आवाज चढवला नाही, शिव्या घातल्या नाहीत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं तिचा फोन आपटला होता तिथून. मग तिची मैत्रीण यायची बंद का झाली ते. मग कपाटाचं दार. मुलाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. अर्ध्यातच तो उठला, रिसीव्हर आपटला आणि पाठ फिरवून गेला.

बाई घरी आल्या. त्या रात्री त्या रडल्या, मनसोक्त, कुणी बघत नसताना. सकाळी दुकान नेहमीच्या वेळी उघडलं.

पुढच्या भेटीला त्या गेल्या तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. केस बारीक कापले होते, त्यामुळे कान मोठे दिसत होते. हसला नाही. त्यानं रिसीव्हर उचलला आणि काचेकडे न बघता म्हणाला,

"कुठपर्यंत आलं होतं?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा नीट केला आणि त्या दिवशी जिथे तो उठून गेला होता, तिथून पुढे सांगायला लागल्या.